'अगदी इंदिराबाईंसारखं': एका वहीचं प्रकरण

बेळगाव भागात मराठी कविता लिहिणाऱ्या बाईला कधी ना कधी एक वाक्य ऐकावं लागतं: 'अगदी इंदिराबाईंसारखं झालंय.' इंदिराबाई म्हणजे इथल्याच कवयित्री इंदिरा संत. बहुतेक वेळा हे वाक्य कौतुकाने म्हटलेलं असतं. ज्या एका कवयित्रीच्या प्रकरणाबद्दल इथे लिहिते आहे, त्यातही ते आधी बरीच वर्षं कौतुकानेच म्हटलं गेलं. मग एका गावच्या संमेलनात, कविसंमेलनाच्या सत्रात, व्यासपीठावरच्या एका ज्येष्ठ कवीने तेच वाक्य दोष म्हणून उच्चारलं आणि वर 'इंदिरा संत आम्ही वाचल्यात' असंही जोडलं. लोक हसले. ती खाली उतरली, वही पिशवीत घातली आणि त्यानंतर वर्षभर तिने एक ओळ लिहिली नाही.

ती खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत शिकवते. कॉलेजात माझी विद्यार्थिनी होती. नवरा गोव्यात कारखान्यात कामाला. शनिवारी रात्रीच्या गाडीने चोर्ला घाटातून घरी येतो, सोमवारी पहाटे परत जातो. घरात सासू आणि सहा वर्षांचा मुलगा. घर कौलारू, आणि जूनमध्ये सुरू झालेला पाऊस गणपती होऊन गेले तरी हटत नाही. मलप्रभा जिथे उगम पावते त्या कणकुंबीचा हा सगळा पट्टा पावसाचाच. हे तपशील पुढे लागणार आहेत म्हणून आधीच देते. नाव देत नाही. लिहायला तिची संमती आहे.

वर्षभराने ती वही घेऊन माझ्याकडे आली तेव्हा तिला कविता वाचून दाखवायच्या नव्हत्या. 'बाई, यातलं माझं काय आहे तेवढं सांगा,' म्हणाली. 'काहीच नसलं तर तसं सांगा. मी सोडून देते.'

वहीत काय होतं

चाळीसेक कविता होत्या. पेन्सिल घेऊन ओळ न् ओळ वाचली. चोरी म्हणावी अशी एकही ओळ नव्हती. शब्द तिचे होते, छंदाचा कान पक्का होता. वहीतली सगळ्यांत जास्त वाखाणली गेलेली कविता अशी सुरू होत होती:

दिवेलागण झाली आणि
तुझी चाहूल नाही
उंबऱ्यावरती पाऊस येतो
तुझे पाऊल नाही

सुरेख आहे. कुठल्याही मंचावर वाचली तर टाळ्या पडतील. पण पुढच्या पानावर दिव्याऐवजी मोगरा, त्याच्या पुढच्या पानावर मोगऱ्याऐवजी चांदणं, आणि प्रत्येक ठिकाणी कुणीतरी एक 'तू' न आलेला. मी विचारलं, 'अगं, हा तू कोण?'

'कोण म्हणजे? कवितेत असतो की बाई, तसा.'

सगळं प्रकरण या उत्तरात आहे. प्रभाव म्हटलं की लोक शब्द शोधतात, प्रतिमा शोधतात. इथे तिने उचलली होती ती उभं राहायची जागा: बोलणारी बाई कुठे उभी आहे, कोणाशी बोलते आहे आणि कविता कुठे थांबवते आहे. शब्द बदलून ही उसनवारी फिटत नाही. म्हणून तर ती वर्षानुवर्षं शब्द बदलत राहिली आणि वाक्य तेच ऐकत राहिली.

इंदिरा संतांच्या कवितेत जो 'तू' आहे त्याला चेहरा आहे. १९१४ मध्ये जन्मलेल्या आणि निपाणीजवळच्या तवंदी गावी बालपण गेलेल्या या बाईंनी पती ना. मा. संत यांच्यासोबत १९४० मध्ये 'सहवास' हा दोघांचा संग्रह काढला, आणि १९४६ मध्ये ते गेले. त्यानंतर 'शेला' १९५१ मध्ये, 'मेंदी' १९५५ मध्ये, 'मृगजळ' १९५७ मध्ये आले. त्या न येणाऱ्या माणसामागे एक खरा संसार आहे, बेळगावात एकटीने मुलं वाढवणं आहे, नोकरी आहे. (इंदिराबाईंची सगळी कविता 'विरहाची' असं लेबल लावून कपाटात ठेवणाऱ्यांचा मला राग येतो. तिच्यात निसर्ग आहे, घर आहे, बाईचा ताठ कणा आहे. पण आत्ता तो विषय नाही.)

हे सगळं बोलून झाल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, 'म्हणजे माझा नवरा दर शनिवारी येतोय, आणि मी त्याला चाळीस कवितांत कायमचा घालवून बसलेय. सासूबाईंना कळलं तर अभद्र म्हणतील.'

तिला मिळालेले सल्ले

माझ्याकडे येण्याआधी तिला दोन सल्ले मिळाले होते. एक, इंदिराबाईंना वाचणं बंद कर. दोन, छंद सोड, मुक्तछंदात लिही, म्हणजे आपोआप वेगळं होईल. दोन्ही सल्ले देणारी माणसं चांगली आहेत, पण मला दोन्ही पटत नाहीत. वाचणं बंद केलं म्हणून वाचलेलं जात नाही. उलट अर्धवट आठवणारी ओळ आपलीच वाटू लागते. आणि मुक्तछंदात लिहिलं तरी तो उंबरा आणि तो 'तू' तिथेही येऊन उभे राहिलेच असते.

मी तिला आधी आपल्याच परंपरेकडे न्यायचं ठरवलं, कारण पूर्वीच्या कवीचं काय करायचं हा प्रश्न मराठीत पहिल्यापासून आहे. ज्ञानेश्वर १२९० मध्ये गीतेवर मराठीत बोलायला बसले तेव्हा त्यांच्यापुढे व्यास होते, भाष्यकार होते. त्यांनी नम्रपणे वाट विचारली आणि त्याच अध्यायात हेही विचारलं:

राजहंसाचें चालणें । भूतळीं जालिया शहाणें ।
आणिकें काय कोणें । चालावेंचि ना ॥

राजहंसाची चाल जगात देखणी ठरली म्हणून दुसऱ्या कुणी चालूच नये का? एवढ्या नम्र शब्दांत एवढा ठाम हक्क सांगितलेला मी दुसरीकडे वाचलेला नाही. पुढे १५८४ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली आणि तिच्यात जो आपली ओवी घालील तो अमृताच्या ताटात नरोटी (करवंटी) ठेवतो असं बजावलं. म्हणजे पूर्वजाचा ग्रंथ पूर्वजाचाच राहू द्या. पण त्याच एकनाथांनी स्वतः भागवतावर हजारो ओव्या लिहिल्या, भारुडं लिहिली, रस्त्यावरच्या माणसांच्या तोंडची भाषा त्यांत आणली. पूर्वजाच्या ताटाला हात लावला नाही. आपलं ताट वेगळं मांडलं. आणि तुकोबा तर म्हणतात की नामदेवांनी पांडुरंगाला बरोबर घेऊन स्वप्नात येऊन उठवलं, कवित्व कर म्हणून सांगितलं, आपल्या शतकोटी अभंगांपैकी जे उरले ते तू पुरे कर म्हणाले. तीनशे वर्षांपूर्वी होऊन गेलेला कवी इथे अडवायला येत नाही, राहिलेलं काम सोपवायला येतो.

तिला सगळ्यांत उपयोगी पडले ते मात्र कवी बा. सी. मर्ढेकर. १९३९ च्या 'शिशिरागम'मधले मर्ढेकर आणि १९४७ च्या 'काही कविता'मधले मर्ढेकर एकच माणूस वाटत नाहीत. पहिल्या संग्रहात त्या काळच्या रोमँटिक कवितेचा हळवा सूर आहे. दुसऱ्यात गिरणीचं, यंत्राचं, गर्दीचं शहर आहे आणि ते बोलतं कशात, तर संतांच्या ओवी-अभंगात. लगेचच्या पिढीच्या प्रभावातून सुटायला ते त्या पिढीच्या मागे गेले. मी तिला म्हटलं, 'इंदिराबाईंना सोडून पुढे पळू नकोस. त्यांच्या मागे जा. त्या कुठून पाणी भरत होत्या ते बघ.'

मागे जाण्याचं काम

इंदिराबाई कुठून पाणी भरत होत्या हे त्यांनी लपवलेलं नाही. 'मालनगाथा'मध्ये त्यांनी बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करून, त्यांवर जीव लावून लिहिलं आहे. ज्यांचं नाव कुणाला ठाऊक नाही अशा बायकांचं ऋण एवढ्या मोठ्या कवयित्रीने ग्रंथ लिहून फेडावं, ही मला मराठीतली फार मोठी गोष्ट वाटते. माझी विद्यार्थिनी त्या ओव्या वाचत होती आणि मध्येच म्हणाली, 'बाई, असल्या ओव्या आमच्या सासूबाईंना येतात.'

जातं घरात होतं, पडवीत, वर कुंडी ठेवलेली. सासूबाई आधी लाजल्या, मग म्हणू लागल्या. तिने मोबाइलवर घेतल्या. ऐकताना जे कळलं ते पुस्तकातून इतकं स्पष्ट कळलं नसतं. ओवीतली बाई कुणा अनामिक 'तू'ला हाक मारत नाही. ती भावाला, आईला, शेजारणीला, सौंदत्तीच्या यल्लम्माला बोलावते, गावाचं नाव घेते, वाट सांगते, काय शिजवलं ते सांगते. दुःख असतं, पण ते कुणाच्या तरी येण्याजाण्याला, सणाला, पावसाला बांधलेलं असतं.

याच काळात मी तिला एक उद्योग दिला: 'दिवेलागण'चं विडंबन कर. केशवकुमार या नावाने अत्र्यांनी १९२५ मध्ये 'झेंडूची फुले'त रविकिरण मंडळ या कविगटाच्या आणि इतर कवींच्या शैलीची टर उडवली, तेव्हा त्या शैलीचे सगळे खिळे-मोळे लोकांना दिसले. आपल्याच कवितेवर ते करून बघितलं की सांगाडा कुठला आणि मांस कुठलं हे कळतं. तिने लगेच लिहिलं:

दिवेलागण झाली आणि
लाईट गेली बाई
उंबऱ्यावरती बेडूक बसला
मांजर जागी नाही

हसून झाल्यावर तिनेच म्हटलं की चौकट तशीच उभी राहिली, आत काहीही घातलं तरी चाललं. ज्या चौकटीत काहीही चालतं ती आपण घडवलेली नसते.

मधली घसरण

इथून सरळ शेवटाकडे जाता आलं असतं तर बरं झालं असतं, पण तसं झालं नाही. ओव्या ऐकून ती भारावली आणि तिने सासूबाईंच्या बोलीत कविता लिहायला सुरुवात केली. दहाबारा लिहिल्या. प्रत्येक ओळीत बोलीचे शब्द दाटीवाटीने बसवलेले, वाचणाऱ्याला धाप लागावी इतके. मी विचारलं, 'तू घरी असं बोलतेस?'

'मी नाही. सासूबाई बोलतात. मी शाळेत पुस्तकासारखं बोलते, घरी मधलंच काहीतरी.'

म्हणजे एका बाईच्या जागेवरून उठून ती दुसऱ्या बाईच्या जागेवर जाऊन बसली होती. ते 'मधलंच काहीतरी' तिने कधी कवितेच्या लायकीचं समजलं नव्हतं, आणि त्याला कारण आहे. सीमाभागात मराठी लिहिणं ही नुसती लिहिण्याची गोष्ट राहिलेली नाही. १९४६ मध्ये बेळगावला ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरलं आणि तिथून संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीने जोर धरला. तेव्हापासून इथल्या माणसाच्या मनात आपली मराठी खणखणीत, पुस्तकी, शुद्ध दिसली पाहिजे असा एक ताण आहे. पुण्यातल्या कवीने बोली वापरली तर प्रयोग म्हणतात, आपण वापरली तर 'कानडी वळणाची' म्हणतील, ही धास्ती मी चांगल्या चांगल्या लिहिणाऱ्यांत पाहिली आहे. कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांतून भरणारी संमेलनं माझ्या जिवाभावाची आहेत, पण तिथे वाचल्या जाणाऱ्या कवितांत तिथल्याच श्रोत्यांची बोलण्याची मराठी किती थोडी असते, हे मला दर वर्षी खुपतं.

या बाबतीत मी तिला द. रा. बेंद्र्यांचं उदाहरण दिलं. धारवाडचे, घरची भाषा मराठी, कवी कन्नडचे, मराठीतही लिहीत. १९७३ चं ज्ञानपीठ त्यांना मिळालं. त्यांनी कन्नड कवितेत धारवाडकडची बोलती भाषा आणि लोकगीतांच्या चाली आणल्या, पण त्यांच्या कवितेतली बोली दाखवायला ठेवलेली वाटत नाही. ती त्यांच्या श्वासाच्या लयीत येते. बोली किती वापरायची हा हिशेबच चुकीचा आहे. कोण बोलतंय हे ठरलं की भाषा येते.

कविता

त्या जुलैत एका शनिवारी चोर्ला घाटात झाड पडून रस्ता बंद झाला. नवरा आला नाही. पुढच्या आठवड्यात तिने मला ही कविता पाठवली. दोनच कडवी:

गाडी अडली चोर्ल्यात
झाड पडलं म्हणून
भात झाकून ठेवला
पोर निजलं जेवून

पावसाला काय सांगू
त्याला त्याचंच पडलं
शनवार गेला वाया
फोन लागना, राहिलं

वाचल्याबरोबर मला 'नको नको रे पावसा' आठवली. मराठी वाचकाला ती आठवणारच. इंदिराबाईंच्या त्या कवितेतली बाई पावसाला अवेळी धिंगाणा घालू नको म्हणून दटावते, आपलं चंद्रमौळी घर दाखवते, आणि शेवटी त्यालाच कामाला लावते: वेशीपुढे आठ कोस आडवा धाव, निघून गेलेल्याला मागे फिरव, नीट सांभाळून घरी आण. तिथे पाऊस हा घरातल्यासारखा आहे, हट्टी पण समजावता येणारा.

खानापूरच्या कवितेत बरोबर उलटं झालं आहे. इथे पावसाने आणायचं तर सोडाच, त्यानेच वाट अडवली आहे. आणि 'पावसाला काय सांगू' या ओळीत एक संपूर्ण कविता नाकारली गेली आहे, तीही आवाज न चढवता. त्या बाईचं पावसाशी बोलणं होत होतं. या बाईचं होत नाही. तिच्या हातात फोन आहे आणि तोही लागत नाही. न येणारा माणूस पुढच्या शनिवारी येईल हे तिला माहीत आहे; वाया गेला आहे तो एक शनिवार. पण ज्यांच्या वाट्याला आठवड्यातला एकच दिवस येतो त्यांच्यासाठी तो किती मोठा असतो, हे ती कुठेही बोलून दाखवत नाही. झाकलेला भात ते सांगतो.

छंदही बघण्यासारखा आहे. 'नको नको रे पावसा' अष्टाक्षरीत आहे, एका ओळीत आठ अक्षरं. बहिणाबाईंची 'अरे संसार संसार' त्याच मापाची. हिची कवितासुद्धा अष्टाक्षरीत आहे. मी विचारलं की हे ठरवून केलंस का. ती म्हणाली, सासूबाईंच्या ओव्या लिहून घेताना कानात बसलेली लय होती, इंदिराबाईंची म्हणून घेतली नाही. मला वाटतं दोन्ही खरं आहे. दोघी एकाच विहिरीवर गेल्या की घागरी सारख्याच भरणार.

प्रभावाबद्दल वाचणाऱ्यांना अमेरिकन समीक्षक हॅरॉल्ड ब्लूम माहीत असतो. १९७३ च्या आपल्या पुस्तकात त्याने मांडलं की समर्थ कवी हा पूर्वजाशी बाप-लेकासारखा झगडतो, त्याला मुद्दाम चुकीचा वाचतो आणि त्यातून स्वतःला जागा करतो. 'पावसाला काय सांगू' हे अशा झगड्याचं उदाहरण म्हणून सहज दाखवता येईल. पण मी हे प्रकरण जवळून पाहिलं आहे आणि मला त्यात बापाला हटवू बघणारा लेक कुठे दिसला नाही. सँड्रा गिल्बर्ट आणि सुसान गुबार या स्त्रीवादी समीक्षकांनी १९७९ मध्ये ब्लूमला जे उत्तर दिलं ते मला इथे जास्त लागू पडतं. लिहिणाऱ्या बाईला आधीच्या बाईची भीती नसते, तिला ती हवी असते. बाईने लिहिलं तर चालतं, हे त्या आधीच्या बाईकडूनच तिला कळतं. आपल्या जिल्ह्यातल्या एका गावात वाढलेली, मास्तरकी केलेली, एकटीने संसार ओढलेली बाई मराठीतली पहिल्या रांगेतली कवयित्री होते, या गोष्टीनेच तर खानापूरच्या या मुलीने शाळेत असताना पहिली वही घेतली होती. व्यासपीठावरच्या त्या ज्येष्ठांनी जे म्हटलं ते दोष म्हणून खरं होतं. पण तिला कविता सुचायला लागली तीही त्याच बाईमुळे, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

आज कुठे आहे

पुढच्या हिवाळ्यात तिने ती कविता दुसऱ्या एका गावच्या संमेलनात वाचली. श्रोत्यांतल्या एका आजींनी खाली उतरल्यावर तिचा हात धरून सांगितलं, 'इंदिराबाईंची आठवण झाली गं.' ती म्हणाली, 'होय आजी, त्यांनाच उत्तर दिलंय.' हे मला तिने फोनवर सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात संकोच नव्हता.

जुन्या चाळीसेक कवितांतल्या बहुतेक तिने स्वतःच बाजूला काढल्या. काही नव्याने लिहिल्या: शाळेतल्या पटावर कमी होत जाणाऱ्या मुलांवर एक, सासूबाईंच्या जात्यावर एक, कानडी शेजारणीबरोबर गौरीच्या भाज्या निवडण्यावर एक. ही शेवटची मला चोर्ल्याच्या कवितेपेक्षाही उजवी वाटते, पण ती अजून कुठे वाचलेली नाही, म्हणून इथे देत नाही.

संग्रह काढायचा घाट आहे, आणि त्यात 'दिवेलागण' घ्यायची की नाही यावर आमचं जमत नाही. माझं म्हणणं, ती कविता उसन्या जागेवर उभी आहे, घेऊ नकोस. तिचं म्हणणं, ती संग्रहात पहिली असली पाहिजे, चोर्ल्याच्या कवितेच्या अगदी समोरच्या पानावर, म्हणजे वाचणाऱ्याला दोन्ही दिसतील. मी म्हटलं की संग्रह म्हणजे सरावाची वही नाही. ती म्हणाली, 'बाई, तुम्हीच मर्ढेकर दाखवलात. त्यांनी शिशिरागम कुठं फाडून टाकलं?' यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही, पण माझं मतही बदललेलं नाही. प्रकाशकाकडे हस्तलिखित जाईपर्यंत हा वाद चालेल असं दिसतंय.